चारशे सतरा नंबरची लेन्स

८ जुलै १९७९, तुमसर

“नजर माझीच चुकली, भोजराज.”

सहा वर्षं झाली या वाक्याला. सिहोऱ्याला भोजराज भाऊजींच्या ओसरीवर उभं राहून हे असं म्हणाले आणि कुणी बसा म्हणायच्या आत पायऱ्या उतरले. मी मागे होते. त्याआधीचे आठ दिवस यांचं म्हणणं अगदी उलट होतं. ओसरीवर भाऊजींनी तुझी नजर चुकली म्हटलं तेव्हा मी चुकलो नाही, मला आठ दिवस दे, मी कॅमेरा तपासतो, असं सांगून आले होते. आठवड्यानं काय झालं कोण जाणे, स्वतःच जाऊन कबूल केलं.

फोटो रुखमाच्या लग्नाचे होते. भाऊजींची एकुलती मुलगी. हे आणि भाऊजी जुने मित्र, दोघांचा धंदा एक, यांचा स्टुडिओ तुमसरला, त्यांचा सिहोऱ्याला. मुलीच्या लग्नात बाप कॅमेरा धरणार कसा, म्हणून फोटो यांच्याकडे. दोन रोल काढले. मागचा मांडवाचा खांब, त्याला बांधलेली आंब्याची पानं, शिरा न शिरा दिसावी अशी आली. रुखमाचा चेहरा मात्र धुक्यातला. एकाही फोटोत नीट नाही. मी निगेटिव्हवर पेन्सिलीनं जमेल तेवढं रिटचिंग केलं, तिचे डोळे उठवले. पुढच्याच वर्षी पहिल्या बाळंतपणात रुखमा गेली. लहानपणीचे फोटो आहेत, पण मोठी झालेली रुखमा कशी दिसायची ते सांगणारा एकही कागद त्या घरात नाही.

काल भंडाऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. काचबिंदू. डावा डोळा गेलेलाच आहे, उजव्यातून नळीतून पाहावं तेवढंच दिसतं. किती दिवस, असं मी विचारलं. म्हणाले, दिवाळीपर्यंत धरा. गेलेली नजर परत येत नसते. हा आजार बहुधा जुनाच असावा, असंही म्हणाले. हे शांतपणे ऐकत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, “चाल, गाडी चुकन.”

राईस मिलवाल्यांनी दिलेली ही डायरी सहा महिने कोरी पडली होती. आजपासून लिहिते. आम्हाला मूल नाही. स्टुडिओच्या पडद्यामागे लपून बसणारी एक रुखमा होती, तीही नाही.

१५ जुलै

नागपूरचे घनश्याम मिस्त्री आले होते. जुन्या कॅमेऱ्यांच्या दुरुस्तीत त्यांचा हात धरणारं कुणी नाही म्हणतात. मीच पत्र टाकलं होतं. यांचा जर्मन प्रेस कॅमेरा आता कुणा जाणत्याच्या हाती जावा, पेटीत पडून बुरशी लागू नये, एवढाच हेतू. यांना आधी विचारलं नाही. आज सांगितलं तेव्हा यांचा चेहरा उतरला. म्हणाले, “कायले बोलावलं? पडला राहू देत होता.”

मिस्त्रींनी कॅमेरा उघडला, भाता बाहेर ओढला, लेन्सच्या कड्यावरचा नंबर वाचला. मग आत वाकून टॉर्चच्या उजेडात काहीतरी पाहिलं आणि हसायला लागले.

“वहिनी, तुम्ही तं दुसऱ्याची नवरी घरात आणून ठेवली.”

मला कळेना. मग त्यांनी समजावून सांगितलं. या कॅमेऱ्यात फोकस दोन तऱ्हांनी करता येतो. स्टँडवर ठेवून मागच्या दुधी काचेत पाहायचं, ही एक. नाहीतर हातात धरून बाजूच्या खिडकीतून पाहायचं आणि दोन प्रतिमा एकावर एक आल्या की दाबायचं, ही दुसरी. वर्तमानपत्रवाले दुसऱ्या तऱ्हेनं काढतात, कारण त्यांना वेळ नसतो. त्या खिडकीला लेन्स किती पुढेमागे सरकली हे कळतं ते आतल्या एका धातूच्या पट्टीवरून. लेन्सा दिसायला सारख्या असल्या तरी घडवताना केसभराचा फरक राहतोच, म्हणून प्रत्येक लेन्ससाठी पट्टी वेगळी घासतात आणि तिच्यावर त्या लेन्सचा नंबर ठोकतात. आमच्या पट्टीवर शेवटचे आकडे चारशे सतरा. लेन्सवर चारशे बासष्ट.

“मंग फोटो बिघडते काय?” मी विचारलं.

“स्टँडवर काढा, मागच्या काचेत पाहा, काहीच नाही बिघडत. उन्हात काढा, छिद्र बारीक असते, चूक झाकून जाते. पण मांडवात, सांजच्याले, छिद्र मोठं करून पाच-सहा फुटांवरून काढसान तं चेहरा जाईन आणि मागचा खांब येईन.”

खांब हा शब्द त्यांच्या तोंडून मी काढून घेतलेला नाही. ते आपसूक बोलले.

आतल्या खोलीतून यांनी पाणी मागितलं. मी दिलं. सगळं ऐकलं होतं यांनी, तरी काही विचारलं नाही. मिस्त्री जाताना म्हणाले, या पट्टीची खरी लेन्स मिळाली तर हा कॅमेरा अजून पन्नास वर्षं चालेल. नाही मिळाली तर सुटे भाग म्हणून खपेल.

म्हणजे यांची नजर चुकली नव्हती.

१८ जुलै

मिस्त्रींनी सांगितलं तशी परीक्षा घेतली. अंगणात फळी टाकून नऊ काडीपेट्या तिरप्या ओळीत मांडल्या, एक जवळ तर दुसरी चार बोटं मागे, अशा. छिद्र मोठं ठेवून खिडकीतून पाचव्या काडीपेटीवर फोकस केला. मग तोच कॅमेरा स्टँडवर ठेवून मागच्या काचेतून पुन्हा पाचवीवर.

हे खाटेवर बसून होते.

“काय करून राहिली?”

“काडीपेट्या मांडते.”

“मांड,” म्हणाले. थोड्या वेळानं, “पाणी येईन, पेट्या उचलून घेजो.”

रोल मीच धुतला. स्टँडवरच्या फोटोत पाचवी पेटी स्वच्छ. खिडकीतून काढलेल्यात पाचवी पुसट आणि सातवीवरचं चित्र काडीकाडी मोजावं असं. मी ओला रोल घेऊन यांच्यापुढे गेले आणि मग आठवलं, यांना एवढं बारीक आता दिसत नाही. तोंडी सांगितलं. यांनी मान हलवली. आनंद होईल असं वाटलं होतं. नुसतं म्हणाले, “रोल खर्ची घातला.”

२ ऑगस्ट

चारशे सतरा सापडायला हवी. दुसरं काही डोक्यात नाही. दिवाळीच्या आत ती लेन्स बसवून एकदा, एकदाच, यांच्या हातात कॅमेरा द्यायचा आणि फोटो काढायला सांगायचं. उजवा डोळा त्या खिडकीपुरता पुरेल. मग तो फोटो घेऊन सिहोऱ्याला जायचं.

आज ट्रंक उपसली. लग्नाचा शालू, यांच्या वडिलांच्या कोर्टातल्या नकला, आणि खाली कॅमेऱ्यांच्या खरेदीचा कागद. हे कॅमेरे एकसष्ट साली नागपूरच्या एका बंद पडलेल्या साप्ताहिकाकडून दोघा मित्रांनी मिळून घेतले होते. दोन, अगदी जुळे. कुणाला कोणता, यासाठी चिठ्ठ्या टाकल्या होत्या, आणि रुखमानं, तेव्हा सात-आठ वर्षांची, चिठ्ठी उचलली होती. कागदावर दोन्ही कॅमेरे आणि दोन्ही लेन्सांचे नंबर टंकून दिलेले आहेत. पहिल्या कॅमेऱ्याची लेन्स चारशे सतरा, समोर यांची सही. दुसऱ्याची चारशे बासष्ट, समोर भोजराज भाऊजींची.

आमच्या कॅमेऱ्यावर भाऊजींची लेन्स आहे.

कॅमेऱ्याच्या चामडी पेटीचं अस्तर झटकताना आणखी एक चिटोरं निघालं. यांच्याच अक्षरात तेच दोन नंबर, एकाखाली एक, त्याखाली रेघ. तारीख रुखमाच्या लग्नानंतरच्या मे महिन्यातली. कशाला उतरवून ठेवले असतील कोण जाणे. त्या दिवसांत यांचं कशातच लक्ष नव्हतं.

माझं डोकं तापलं आहे. लेन्स आपोआप चालत जात नाही. कुणीतरी बदलली. ज्याची इकडे आली त्याच्याकडे आमची गेली. आणि तोच माणूस आपल्या ओसरीवर यांना उभं करून ऐकवतो की तुझी नजर चुकली.

यांना काही बोलले नाही. आधी जाऊन येते.

१२ ऑगस्ट

सिहोऱ्याला जाऊन आले. मावशीकडे आंधळगावला जाते असं सांगून निघाले होते. खोटं बोलायची सवय नाही, तर गाडीत बसेपर्यंत मागे वळून पाहत होते. दोन्ही बाजूंनी बांध्यांत भाताचा रोवणा चालू होता, बाया गुडघाभर चिखलात. मी मनात वाक्यं जुळवत होते.

ओसरीवर भाऊजींच्या पत्नी कुंताबाई एकट्या, भाजी निवडत. सहा वर्षांत केस सगळे पांढरे झाले. मला पाहून उठल्या नाहीत, पण पाट सरकवला. स्टुडिओची पाटी काढलेली आहे. त्या जागी आता खताची पोती. भाऊजींनी रुखमा गेल्यावर कॅमेऱ्याला हात लावला नाही, असं म्हणाल्या. पेटी तशीच आतल्या माळ्यावर आहे.

मी कागद पुढे केला. जुळवलेली वाक्यं सगळी विसरले आणि एकदम म्हणाले, “आमची लेन्स तुमच्याकडे आहे. कुणी बदलली ते भाऊजींनाच विचारते.”

कुंताबाईंनी भाजीतून हात काढला. रागावल्या नाहीत.

“चंद्रकलाबाई, हे दोन कॅमेरे एका जागी केव्हा येत होते, सांगा बरं.”

नवमीला. दरवर्षी खंडेनवमीला भाऊजी आणि त्या कॅमेरा घेऊन आमच्याकडे यायचे. हत्यारांची पूजा दोघांची एकत्र. लेन्स जिच्यावर बसवलेली असते त्या चौकोनी पाटीसकट काढून, मलमलीनं पुसून, पाटावर मांडायची, झेंडूचं फूल वाहायचं. लेन्सला कुंकू लावायचं नाही, खाली कागदावर लावायचं, हे यांनी घालून दिलेलं होतं. आपापल्या नवऱ्याचं हत्यार आपापल्या बायकोनं पुसायचं आणि पूजा झाल्यावर तिनंच परत बसवायचं. त्या दोघांनी ते आम्हाला मुद्दाम शिकवलं होतं, पाटी कशी सरकवायची, खटका कसा लावायचा.

“रुखमाच्या लग्नाच्या आधीच्या नवमीले मी बाहेरची होती,” कुंताबाई म्हणाल्या. “आंगनात बसून पाहत होती. दोन्ही तुम्हीच पुसल्या. दोन्ही तुम्हीच बसवल्या. मी तं म्हटलंही, बाई, एकटीच्यावर पडलं सारं. तुम्ही म्हणाल्या, त्यात काय आहे.”

त्यात काय आहे. असं मी म्हणाले असेन. माझी तशी सवय आहे.

मला तो पाट दिसला. दोन काळ्या पाट्या, दोन काचा, मध्ये झेंडू. कोणती डावीकडे होती? नैवेद्य ठेवायला जागा करताना मी पाट फिरवला होता. नंबर असतात, पट्टी असते, मला काय ठाऊक. बसली, खटका लागला, झालं.

मी म्हटलं, एकदा मला लेन्स दाखवा, फक्त नंबर पाहू द्या. कुंताबाई आत गेल्या. आत भाऊजी होते हे मला तोवर कळलं नव्हतं. सगळं ऐकत बसले असणार. त्यांचा आवाज आला, मोठा नाही, नेहमीसारखाच.

“तिले सांग, माह्या पोरीचे डोळे तिनं पेन्सिलीनं काढले. ते कोणाचे डोळे होते ते मले अजून नाही समजलं. आता लेन्स कायले पाहिजे?”

कुंताबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात चहाचा कप होता. मी तो प्यायले. नको म्हणायचा धीर झाला नाही.

१३ ऑगस्ट

रिटचिंगच्या पेन्सिली मोडून टाकाव्यात असं वाटलं. मोडल्या नाहीत. पासपोर्टच्या फोटोंवर घर चालतं.

त्या पापण्या मी एकेक करून काढल्या होत्या. रुखमाच्या पापण्या मला पाठ आहेत असं वाटायचं.

२१ ऑगस्ट

नऊ दिवस घशात घेऊन फिरले. आज दुपारी यांना जेवायला वाढल्यावर सुरुवात केली. म्हटलं, “ऐकता का, रुखमाच्या लग्नाच्या आधीची ती नवमी आठवते? कुंताबाई बाहेरच्या होत्या...”

यांनी घास थांबवला. “नवमीचं काय काढते आता?”

“लेन्स त्या दिवशी...”

“आयक,” हे म्हणाले. एवढ्या स्पष्ट आवाजात हे हल्ली बोलत नाहीत. “नजर माझी चुकली. मी भोजराजले जाऊन सांगून आलो. सारं गाव जाणते. डॉक्टरही म्हणते, आजार जुना आहे. एका चुकीले दोन धनी कायले पाहिजे?”

मी पुन्हा बोलू लागले तर हात पुढे केला, चाचपत. माझी बोटं सापडली ती धरून बसले. अन्न गार झालं. उजव्या हाताची तीन बोटं, पेन्सिल धरून ज्यांना घट्टा पडला आहे तीच, अंगठ्यानं चोळत राहिले. म्हणाले, “पुसायचा हात तुझा चांगला आहे. काचेवर कधी रेघ नाही उमटली.”

यांना पटतच नाही. मला बायको म्हणून समजूत घालायची आहे असं वाटतं यांना. मिस्त्रींनी सांगितलं, काडीपेट्यांनी सांगितलं, तरी नाही. ज्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांवरच विश्वास उरला नाही, त्याला पुरावा कशानं दाखवायचा?

९ सप्टेंबर

घनश्याम मिस्त्रींचं पत्र. आहे त्याच लेन्सला जुळणारी नवी पट्टी घासून मिळते का, असं मी विचारलं होतं. लिहितात, पट्टी घासण्याचं काम आता हिंदुस्थानात कुणी करत नाही, जर्मनीला पाठवलं तर कॅमेरा सहा महिने तिकडे राहील आणि परत येईल याचा भरवसा मी देत नाही. शेवटी लिहिलं आहे, वहिनी, सवतीला तिच्या घरी पाठवा आणि आपलीला आणा, दुसरा इलाज नाही. त्यांची चेष्टा करायची पद्धत आहे. मी पत्र चुलीत घातलं.

सिहोऱ्याला दोन पत्रं टाकून झाली. उत्तर नाही.

३० सप्टेंबर, नवमी

पाटावर कात्री, ब्रश, प्रिंटरचा दिवा, माझ्या पेन्सिली. कॅमेरा नाही. रुखमाच्या लग्नानंतर यांनी तो नवमीला एकदाही उघडू दिलेला नाही. धूळ जाते म्हणतात. स्टुडिओत दिवसभर उघडा असायचा तेव्हा धूळ जात नव्हती. आणखी एक, त्या वर्षापासून यांनी हातात धरून एकही फोटो काढला नाही. कुठेही गेले, शाळेत, गडावर, मयतीला, स्टँड खांद्यावर. लोक हसायचे. म्हणायचे, यादोराव तिरडीचे बांबू घेऊन निघाले. मला वाटायचं, यांचा स्वतःवरचा भरवसा गेला.

गेलाच होता. माझ्यामुळे.

भाऊजींना आता तिसरं पत्र लिहिणार नाही.

२२ ऑक्टोबर

दिवाळी झाली. लक्ष्मीपूजनाला ओट्यावर पणत्या लावून आत आले तर यांनी विचारलं, “दिवे नाही लावले अजून?”

एकवीस पणत्या जळत होत्या. यांचं तोंड त्यांच्याकडेच होतं.

मी म्हटलं, लावतेच आहे. आत जाऊन काडीपेटीचा आवाज केला. यांनी ऐकलं, आणि थोड्या वेळानं म्हणाले, “आता चांगलं दिसते.” दोघंही खोटं बोललो.

म्हणजे ती लेन्स आज कुणी हातात आणून दिली तरी उपयोग नाही. खिडकीत पाहायला डोळा नाही. तीन महिने मी जे एक धरून बसले होते ते त्या पणत्यांबरोबर विझलं.

४ नोव्हेंबर

कॅमेरा पेटीत घालून कपाटावर ठेवला. कुणाला द्यायचा नाही. दुसऱ्याची लेन्स असलेली वस्तू मी कशी देऊ.

हे आता दिवसभर ओट्यावर बसतात. रस्त्यावरचे आवाज ओळखतात. साडेदहाची सिहोऱ्याहून येणारी गाडी वळणावर गिअर बदलते तेव्हा यांची मान तिकडे होते. आज विचारलं, “कोणी उतरलं काय?” मी पाहिलं. दोन बाया आणि एक बकरी. तसं सांगितलं. हसले. म्हणाले, “बकरी कोणाची?”

मग बरंच बोलले, सहा वर्षांत बोलले नव्हते तेवढं. एकसष्ट साली नागपूरहून कॅमेरे आणताना दोघांनी ते मांडीवरून खाली ठेवले नाहीत. भंडाऱ्यापर्यंत पाय बधिर झाले, उतरता येईना, कंडक्टरनं हात धरून उतरवलं. भाऊजींना अंधाऱ्या खोलीत काम करताना गुणगुणायची सवय होती आणि गाणं संपलं की प्रिंट बाहेर काढायची, घड्याळ लागायचं नाही. त्यांच्या ओसरीवर दुपारी तलावावरून वारा येतो, हेही सांगितलं.

मी म्हटलं, वारा इथेही येतो की. यांनी मान हलवली. मी उठून भात टाकायला गेले.

११ नोव्हेंबर

जागेश्वर, सिहोऱ्याच्या गाडीवरचे कंडक्टर, स्टुडिओत फोटो घ्यायला आले होते. त्यांना विचारलं, भोजराज भाऊजी दिसतात का. म्हणाले, गाडी लागते तेव्हा ओसरीवर बसलेले असतात, कुणाशी बोलत नाहीत. “मी एकदा म्हटलं, चला तुमसरले, घेऊन जातो. तं म्हणते, तिथं माझं कोण आहे.”

हे मी यांना सांगणार नव्हते. पण हे ओट्यावरच होते, ऐकलं. ऐकून एवढंच म्हणाले, “असा बोलला काय,” आणि पांघरूण गुडघ्यांवर नीट केलं. संध्याकाळी जेवले नाहीत.

१७ नोव्हेंबर

रोज एकच विचार. मी यांना त्या दिवशी नीट सांगू शकले असते. घास थांबवला म्हणून मी थांबले. खरं तर मलाच थांबायचं होतं. आपल्या हातून झालं हे यांना कळल्यावर हे मला काय म्हणतील, याची भीती. म्हणायला काही नव्हतं यांच्याकडे, कधीच नसतं, तरी भीती.

आज विचारलं, “तुम्हाला काय पाहिजे सांगा. खरंच सांगा.”

“मले काय पाहिजे,” म्हणाले. मग वळणाकडे तोंड करून, “तिकडं जाऊन बसावं वाटते. पण तो बसू देणार नाही. आणि त्याचं बरोबर आहे.”

तिकडं म्हणजे कुठे ते विचारावं लागलं नाही.

१८ नोव्हेंबर

पत्र लिहिलं. आधी इथे लिहून पाहते, म्हणजे खाडाखोड इथेच होईल.

ती. भोजराज भाऊजींस, चंद्रकलाचा नमस्कार.

आधीची दोन पत्रं मी लेन्स मागायला लिहिली होती. त्यांचं उत्तर आलं नाही ते ठीकच झालं. आता लेन्स नको. यांची नजर दिवाळीत पूर्ण गेली.

रुखमाच्या लग्नाआधीच्या नवमीला दोन्ही लेन्सा मी पुसल्या आणि मीच परत बसवल्या. तुमची आमच्या कॅमेऱ्यावर आणि आमची तुमच्यावर बसली. कुंताबाईंना त्या दिवशी बाहेर बसावं लागलं होतं, त्यांचा यात काही दोष नाही. यांचाही नाही. फोटो चुकले ते माझ्यामुळे. माळ्यावरचा कॅमेरा खाली काढून पट्टीवरचा नंबर पाहिलात तर दिसेल. तुम्ही पाहणार नाही, पण लिहून ठेवते. यांना यातलं काही ठाऊक नाही. अजूनही आपलीच नजर चुकली असं धरून बसले आहेत. मी सांगायला गेले तर ऐकून घेत नाहीत.

रुखमाचे डोळेही मीच बिघडवले. वाईट दिसू नये म्हणून पेन्सिल लावली. नसती लावली तर निदान धुक्यात का होईना, ती तीच राहिली असती. त्याची माफी मागायला माझ्याजवळ शब्द नाहीत आणि माफी मिळावी असं मला वाटतही नाही.

येत्या गुरुवारी साडेदहाची गाडी परत फिरते तिनं मी यांना घेऊन सिहोऱ्याला येते. जागेश्वर उतरवून देतील. तुम्ही बाहेर येऊ नका. बोलू नका. कुंताबाईंनी चहाही करू नये. दुपारी परतीची गाडी येईपर्यंत यांना तुमच्या ओसरीवर बसू द्या. मी रस्त्याच्या पलीकडे झाडाखाली थांबेन.

तुम्ही नाहीच म्हणाल हे मला माहीत आहे. पण ते तिथे आम्हाला परत पाठवून सांगू नका, यांना वाट दिसत नाही. बुधवारच्या गाडीवर जागेश्वरकडे तेवढा निरोप द्या, म्हणजे मी यांना सदरा चढवणार नाही. आणि निरोप दिला नाहीत, तर बसू द्या.